समुद्राला वाढलेलं मीठ

आला मेसेज. दसरा उलटला, पनवेलच्या रस्त्यांवरचा चिखल वाळून त्याची धूळ झाली, की एखाद्या दुपारी तो येतोच. निळ्या पाण्याचा फोटो, त्यात दोन पट्टेवाले मासे, आणि खाली मजकूर: ‘समुद्र शांत झाला आहे. सीझन सुरू. स्कूबा, नाश्ता, व्हिडिओ फ्री. लवकर बुक करा.’ कामोठ्यात माझे दहावीच्या विज्ञानाचे क्लास चालतात. मेसेज आला तेव्हा मी फळ्यावर प्रकाशाचं अपवर्तन काढत होते. फोन वाजला, मी बघितलं, आणि पुढचा बाण चुकीच्या दिशेला काढला. मुलांनी तो तसाच्या तसा वहीत उतरवून घेतला. मुलं काय, मी काढीन ते उतरवतात.

हा नंबर ब्लॉक करायचं मी कितीदा ठरवलं. होत नाही हातून. समुद्र शांत झाला म्हणे. झाला असेल बाबा. तुमचं बरं आहे.

आमच्याकडचा ऑक्टोबर म्हणजे नुसती भट्टी. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, संध्याकाळी वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांकडचा तो आंबूस वास घरात शिरतो आणि आपण खिडक्या लावून घामात बसायचं. डंपर दिवसभर धूळ उडवत जातात. डोक्यावरून विमानं. पण माझ्या लहानपणी हाच महिना आमच्या घरी फार कामाचा असायचा. आम्ही मिठागरवाले. पावसाळ्यात ढासळलेले बांध बाबा याच दिवसांत चिखल थापून उभे करायचा, कोंड्यांची, म्हणजे मिठाच्या वाफ्यांची, जमीन तुडवून तुडवून घट्ट करायचा, मग भरतीला बांधातल्या उघाडीची फळी उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचा. (बाबाला मी अरे-तुरे करते म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत. आमच्यात बापाला अहो-जाहो नाही. ज्याच्या खांद्यावर बसून चिखलातून शाळेत गेलो त्याला कसलं अहो.) त्या दिवसांत त्याच्या पायांना भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ जायचं. संध्याकाळी तो पाय कोमट पाण्यात सोडून बसायचा आणि म्हणायचा, ‘‘घेतलं तर द्यावं लागतं. दर्या फुकट कायच देत नाय.’’

मग आगर सरकारी संपादनात गेलं. त्याची कहाणी मी सांगत बसत नाही, पनवेल-उरणच्या कुठल्याही घरात विचारा, तीच ऐकायला मिळेल. दगड-मुरमाचा भराव पडला आणि जिथे पांढरे ढीग असायचे तिथे सपाट मैदान झालं. भरपाईच्या प्लॉटवर भावाने तीन मजली घर बांधलं, त्याला टाइल्स लावल्या, बाबाला गॅलरी दिली. बाबा गॅलरीत बसायचा खरा, पण खाडीच्या बाजूला तोंड करून, आणि भरती-ओहोटीची वेळ त्याला घड्याळ न बघता कळायची. ‘‘आता पानी लागलं असंल,’’ असं मध्येच म्हणायचा. कुणाला सांगायचा, देव जाणे.

शेवटच्या वर्षाचं मीठ आईने चिनीमातीच्या बरणीत भरून ठेवलं होतं. मोठे, करडट खडे. ते स्वयंपाकात पडायचं नाही. फक्त दृष्ट काढायला. नातवंडांपैकी कुणी जेवेना, कुणाला ताप आला, की आई बरणीत हात घालायची, मोहरी-मिरचीबरोबर दोन खडे मुठीत धरून ओवाळायची आणि गॅसवर टाकायची. खडे तडतडले की, ‘‘बग किती नजर होती,’’ म्हणायची. मी विज्ञान शिकवते. खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून मीठ तडतडतं. हे मी आईला एकदाच सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा सांगितलं नाही.

स्कूबाची टूम माझ्या नवऱ्याची. प्रशांतला स्वस्तात मिळालेली कुठलीही वस्तू आवडते, मग ती लागो न लागो. मालवणच्या बाजूची कुठलीशी जाहिरात त्याने पाहिली. चार माणसं असतील तरच तो भाव. आम्ही दोघं, तिसरा बाबा, चौथी आई. ‘‘आई पाण्यात उतरणार नाहीत, पण माणूस तर मोजलं जाईल,’’ हा त्याचा हिशोब. पनवेलहून गाडी धरली. डब्यात आईने तळलेल्या वाकट्या काढल्या, सुक्या मासळीचा वास सुटला आणि समोरचं कुटुंब उठून दारापाशी जाऊन उभं राहिलं. ‘‘जागा झाली,’’ म्हणून बाबाने तिथे पाय पसरले.

आता निघायच्या आदल्या दिवशीचं सांगते. बाबा आईला म्हणाला, ‘‘बरनीतलं मूठभर दे.’’ आई म्हणाली, कशाला. तो म्हणाला, ‘‘दर्याचं दर्याला देऊन येतंय. आख्खी जिंदगी काडलं. आता आगरच नाय तर एकदा जाऊन देऊन येवं. खाल्ल्या मिठाला जागावं मानसानं.’’ आईने कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे वळली. ‘‘बग गो तुजा बाबा. समुद्राला मीठ वाडायला निंगालाय. आनि नातवांची दृष्ट मी दुकानातल्या पाकिटानं काडू?’’ पण बरणी काढली तिने. मीठ हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. म्हणून तिने खडे ताटलीत ठेवले, ताटली जमिनीवर ठेवली, आणि बाबाने वाकून ते उचलले. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

त्या किनाऱ्याचं वर्णन मला करता येणार नाही असं नाही, पण करवत नाही. माड होते, वाळू होती, सगळं जाहिरातीतल्यासारखंच होतं. आमची राहण्याची खोली एका घराच्या मागच्या बाजूला, भिंतीला ओल आणि पंख्याला कुरकुर. सकाळी काळे रबरी कपडे दिले. आधीच्या कुणाच्या तरी अंगावरचे, ओले, गार. बाबाला ते चढवायला दोन माणसं लागली. आमच्या बोटीत घाटावरचं एक जोडपं होतं. ते गृहस्थ बाबाच्याच वयाचे, बाबासारखेच आडवे, डोक्यावर तेवढेच केस. त्यांच्या बायकोने सगळ्यांना शेंगदाण्याचा लाडू दिला. तोंडावर काच चढवल्यावर दोघं म्हातारे इतके सारखे दिसायला लागले की आई म्हणाली, ‘‘आता आपला कंचा तो सांगा.’’ सगळी बोट हसली. त्या बाईही हसल्या. आईचं ते वाक्य मी पुढे कितीदा आठवलं असेन.

एकेकाला खाली नेत होते. मी गेले. तोंडात नळी, नाक बंद, कानात दडा. खाली गेल्यावर पहिल्यांदा काय कळतं, तर आवाज नाही. कुठलाच नाही. फक्त आपला श्वास. आत घेताना एक खरखर, सोडताना बुडबुड. आपण जिवंत आहोत हे इतकं मोठ्याने मी कधी ऐकलं नव्हतं. कुणीतरी पावाचे तुकडे माझ्या हातात कोंबले, मासे आले, बोटांना टोचून गेले, समोर कॅमेरा आला. मी हात हलवला. संपलं.

मग बाबा गेला. पाण्यात उतरण्याआधी त्याने ओंजळीतलं पाणी कपाळाला लावलं. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती. शिडी धरतानाही त्याने डावा हातच वापरला. आई बोटीच्या कडेला त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती, आणि पाण्यावर येणारे बुडबुडे बघत होती. बुडबुडे जिकडे सरकतील तिकडे तिची मान. ‘‘हाय तितंच,’’ ती मला सांगत होती. ‘‘हाय. हाय.’’ बाबा वर आला आणि मगच तिने चपला खाली ठेवल्या.

त्याला खाली नेणारा तिथला डायव्हर पोरगेला होता, पण कामात पक्का. पाण्यातून डोकं काढून तो हसायला लागला. ‘‘काकांनी मूठ काय सोडूक नाय. पाव देतंय तर घेऊकच नाय. मी म्हटलं भियाले की काय.’’ बाबाने काच काढली. डोळे लाल झाले होते, आणि नुसत्या खाऱ्या पाण्याने झाले होते असं मला वाटत नाही. त्याने मूठ उघडून दाखवली. रिकामी. ‘‘मी उगडलीच नाय गो,’’ तो मला म्हणाला. ‘‘दर्यानंच बोटांच्या फटीतनं काडून घेतलं. जरा जरा. मना कलत होतं, आता कमी झालं, आता आनखी कमी झालं. वर आलो, तर हात रिकामा.’’

मी त्याला पाणी प्यायला दिलं. आणखी काय देणार.

व्हिडिओ लगेच मिळाले नाहीत. बोटीतल्या सगळ्यांचे एकदम पाठवतो म्हणाले, आणि पाठवले आम्ही पनवेलला परतल्यावर. माझा, प्रशांतचा आणि बाबाचा. फुकटचे व्हिडिओ, धूसर, वर कसलंसं धांगडधिंगा संगीत चिकटवलेलं. मी तो बाबाचा म्हणून आलेला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठे, टाळ्या, ‘एक नंबर बाबा’. बाबाने चष्मा न लावताच फोन लांब धरून बघितला. ‘‘मी इतका जाडा हाय?’’ मी म्हटलं, ‘‘अरे, पाण्यात सगळं असतं त्यापेक्षा मोठं दिसतं. अपवर्तन.’’ तो म्हणाला, ‘‘आसंल.’’ विषय संपला. बाबा पुन्हा गॅलरीत जाऊन बसला.

पुढच्या श्रावणात एका दुपारी तो जेवून हात धुवायला उठला, मोरीच्या उंबऱ्याशी टेकला, आणि तिथून उठलाच नाही. आजार नाही, दवाखाना नाही, कुणाला त्रास नाही. लोक म्हणाले, भाग्यवान. म्हणाले असतील. मला ते भाग्य अजून नीट समजलेलं नाही.

आणि मग तो व्हिडिओ घरात राहायला आला. आमच्याकडे बाबाचे फोटो आहेत, पण सगळे लग्नातले, फेटा बांधून ताठ उभे असलेले. हलणारा बाबा एवढाच. आई रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावते, तुळशीला लावते, मग फोन घेऊन बसते आणि तो व्हिडिओ लावते. आवाज बंद करून. ते संगीत तिला नको असतं. निळसर पाणी, काळ्या कपड्यातला एक आडवा माणूस, माशांचा घोळका. एकदा बघून फोन ठेवून देते आणि भाकऱ्या थापायला उठते. जपाची माळ ओढावी इतकं ते तिच्या अंगवळणी पडलं.

वर्षश्राद्धाला घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर प्रशांतच्या डोक्यात आलं की सगळ्यांना व्हिडिओ टीव्हीवर दाखवू. भावाचा टीव्ही भिंतीएवढा. पाहुणे जमिनीवर बसले. फोनवर बोटाएवढा दिसणारा माणूस आता माणसाएवढा झाला. ‘‘बग, बग, तुजा बाबा कसा खुशीत हाय,’’ आत्या म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. आणि मी बघत होते त्याचे हात. दोन्ही हात पुढे केलेले, दोन्ही तळवे उघडे, दोन्हींवर पावाचा भुगा, आणि मासे तो टिपून नेत होते.

मूठ कुठे होती?

मी पुन्हा लावायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं, पोरीला आवरत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन्ही हात उघडेच होते. तो आमचा बाबा नव्हता. ते शेंगदाण्याच्या लाडवाचे घाटावरचे काका होते, आणि आमच्या घरातली चाळीस माणसं त्यांच्याकडे बघून रडत होती. आई सगळ्यांच्या पुढे बसली होती. तिची मला फक्त पाठ दिसत होती. मी गप्प राहिले. आईच्या हातून मी तो बाबा कसा काढून घेणार होते?

दुसऱ्याच दिवशी मी त्या स्कूबावाल्यांना फोन लावला. माणूस चांगला होता, माझी टिंगल केली नाही. पण व्हिडिओ पाठवले की ते पुसतात, त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशीचे भरतात. तो डायव्हर गोव्याला निघून गेलेला. आमच्या बोटीतल्या त्या जोडप्याचा नंबर? ‘‘ताई, फोन बदलला. तुमचा नंबर यादीत राहिलाय एवढंच.’’ मी त्या बाईंचं आडनावसुद्धा विचारलं नव्हतं. लाडू खाल्ला होता तिच्या हातचा, आणि गाव विचारलं नव्हतं. प्रवासात आपल्याला अशीच माणसं भेटतात, किती वाजता उठलात, काय खाल्लंत, एवढंच आपण बोलतो, आणि मग जन्मभर त्यांना शोधत बसतो.

तेव्हापासून तो मला दिसतो. भलत्याच वेळी. क्लासमध्ये फळा पुसताना, कामोठ्याच्या सिग्नलला रिक्षात बसलेली असताना. निळ्या पाण्यात बाबा, एक मूठ मिटलेली, त्या मुठीतून धुरासारखं काहीतरी बाहेर पडतंय. मी हे कधी पाहिलेलं नाही. कॅमेऱ्याने पाहिलंय, आणि ते कुणाच्यातरी घरी आहे. घाटावरच्या कुठल्याशा गावात, कुठल्याशा फोनमध्ये, तिथे त्याला वेगळ्याच नावाने ओळखतात. ‘आजोबा बघा किती घाबरलेत, मूठच सोडत नाहीत,’ असं म्हणून हसत असतील. की त्यांच्याही लक्षात आलं असेल, आणि ‘हा कोण मेला परका’ म्हणून पुसून टाकला असेल? की साधंच, फोन भरला म्हणून? लग्नाचे फोटो मावेनात म्हणून घरातल्या एखाद्या पोराने बोट दाबलं असेल आणि बाबा गेला असेल, दुसऱ्यांदा. हे मनात आलं की मला त्या न पाहिलेल्या पोराचा गळा धरावासा वाटतो. आणि मग आठवतं की आपल्या फोनवर त्यांचा माणूस आहे, आणि त्यांनी तो आपल्याला सांभाळायला दिलेला नाही.

यंदाचा मेसेज आला त्या दिवशी क्लास लवकर सोडला आणि आईकडे गेले. ठरवूनच गेले. एक म्हातारी बाई रोज परक्या माणसापुढे बसते, आणि मला माहीत असून मी बघत राहते, हे मला सोसवत नव्हतं. दिवेलागण झाली होती. तिने दिवा लावला, तुळशीला लावला, आणि फोन घेऊन बसली. मी शेजारी बसले. निळं पाणी आलं, मासे आले.

मी म्हटलं, ‘‘आई, तुला एक सांगायचंय.’’

‘‘ह्यो तुजा बाबा नाय, तेच ना,’’ आई म्हणाली. नजर फोनवरच. ‘‘मना पयल्याच दिवशी कललं. मूठ कुटं हाय त्याची?’’

वरून एक विमान गेलं.

‘‘तुला माहीत होतं, मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘कोनाला सांगू? तुजा बाबा बोल्ला, मी जाडा दिसतंय. त्याला सांगू, तो तू नाय म्हनून? त्याला बरं वाटलं होतं. आनि तो गेल्यावर तुमाला बरं वाटत होतं.’’

‘‘अगं, पण मग रोज लावतेस कशाला? कोण कुठला माणूस.’’

आईने व्हिडिओ संपू दिला. मग फोन पालथा मांडीवर ठेवला आणि मला समजावलं, लहानपणी बेरीज समजवायची तसं. ‘‘आपला तिकडं हाय ना. त्यांच्या घरी. त्यांचा हिकडं हाय. मी ह्याला रोज येलेवर बगतंय, दिवा लावून बगतंय. मंग तिकडं पन कोनतरी आपल्याला बगत असंल. मी सोडलं तर ते पन सोडतील.’’

आई उठली, फळीवरची बरणी काढली. तळाशी थोडंसंच उरलंय आता. तिने दोन खडे मुठीत घेतले, पालथा फोन सरळ केला, थांबलेल्या चित्रातल्या त्या आडव्या माणसावरून मूठ ओवाळली. ‘‘वय झालं असंल याचं पन,’’ ती म्हणाली. ‘‘असंल ना गो अजून?’’ मी म्हटलं, असेल. ती गॅसकडे गेली. खडे तडतडले.

माझ्या फोनवर रोज येतं की जागा संपली, काहीतरी काढून टाका. काल मी क्लासचे सगळे व्हिडिओ पुसले, मालवणचा माझा आणि प्रशांतचाही व्हिडिओ पुसला. ते काका ठेवले.